बघण्याचं माप

आमच्या सरांनी प्रयोगशाळेत कधी डोकवायचं, हे चार चिंचोके ठरवत असत. एका बाजूनं फरशीवर घासून पांढरे केलेले, खिशात राहून गुळगुळीत झालेले चार चिंचोके. प्रॅक्टिकल सुरू झालं की सर आम्हाला आत सोडत, स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि दर पाच मिनिटांनी ते चिंचोके मुठीत खुळखुळवून मांडीवरच्या पुठ्ठ्यावर टाकत. चारही पांढरे पडले तर उठून आत यायचे, एक फेरी मारायचे आणि एक शब्दही न बोलता परत जायचे. नाही पडले, तर बसून. तीन तासांत सरासरी दोनदा येणं व्हायचं. पण सरासरीवर विसंबलेला माणूस बुडतो. एकदा सर लागोपाठ तीनदा आत आले आणि तिन्ही वेळा माझ्या तोंडात पेरूची फोड होती.

"सर, घड्याळ लावून का येत नाही तुम्ही?" मी एकदा विचारलं.

"घड्याळ लावून आलो तर तुम्ही घड्याळापुरत्या शहाण्या व्हाल, खुटबाव. आणि सारखा उभा राहिलो तर काहीच व्हायच्या नाही."

खुटबाव म्हणजे मी. सर कोणालाही नावानं हाक मारत नसत. ज्या गावचा, त्या गावाचं नाव, आणि वर अहो-जाहो. "भांडगाव, खिडकी उघडा." "तळेगाव, तुमचा आलेख उलटा आहे." शिरूरच्या त्या कॉलेजात फिजिक्सच्या वर्गात आम्ही सातजण होतो, म्हणजे हजेरी घेतली की एसटी स्टँडवरच्या फलकासारखी ऐकू यायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूरला मावशीकडे राहून शिकत होते. सर मूळचे दौंडचे. त्यांच्या पत्नी दौंडला रेल्वेत नोकरीला, त्यामुळे सर आठवडाभर शिरूरला एका खोलीत आणि शनिवार-रविवार दौंडला. कोणी हळहळलं तर सर खुशीत सांगायचे, "आठवड्यातून एकदाच मोजमाप होतं, म्हणून संसाराचा प्रवाह सुरळीत आहे."

सरांचं सगळं आयुष्य या एका गोष्टीभोवती फिरत होतं: बघितल्यानं वाहणाऱ्याचं काय होतं? वाहणारी वीज, आणि बघणारा कोणीही. रविवारी दौंडहून गाडी पकडून ते पुण्याला जात, कुठल्याशा ग्रंथालयातून लेखांच्या झेरॉक्स घेऊन येत आणि सोमवारी आमच्यापुढं त्या अशा थाटात उलगडत, जणू दौंड स्टेशनवर परदेशी पाहुणा उतरवून घेतलाय.

"लिहून घ्या," सर म्हणायचे. "एक. स्वच्छ, एकसारख्या धातूतून इलेक्ट्रॉनची लाट सरळ जाते. तिला मधे कुणी 'कुठं आहेस' म्हणून टोकलं, की ती अडखळते. वीज कमी वाहते. दोन. धातू मळका असला, अणू वेडेवाकडे असले, तर उलटं. थोडं टोकलं की वीज जास्त वाहते! तीन. सतत टोकलं, तर स्वच्छ असो वा मळका, जागचं हलत नाही."

आणि मग माझ्याकडे वळून, प्रेमानं, "तुम्ही मळका धातू आहात, खुटबाव. तुमच्याकडे अधूनमधून बघावं लागतं."

मी हे घरी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं. आबा म्हणाले, "मळका म्हंजी? रोज आंघूळ करती की तू."

दुसऱ्या नियमावर मात्र आमचं कुणाचंच समाधान होईना. बघितल्यावर बिघडतं, हे समजत होतं. बघितल्यावर सुधारतं कसं? सर दोन दिवस विचार करत हिंडले आणि तिसऱ्या दिवशी आम्हा सातजणांना एसटीत घालून तळेगाव ढमढेऱ्याला, भर आठवडी बाजारात घेऊन गेले.

तिथं तळेगावची, म्हणजे आमच्या वर्गातल्या त्या मुलाची, आई भाजी विकायला बसायची. तिच्या पालापासून बाजाराला वळसा घालून परत तिच्यापाशीच येणारी एक वाट होती. सरांनी आमचे दोन गट केले. एक डावीकडून निघाला, दुसरा उजवीकडून. पावलागणिक मोठ्यानं मोजायचं, एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार, सगळ्यांचं पाऊल सारखं. मेथीच्या जुड्या, सुतळीचे गुंडे आणि प्लास्टिकच्या घागरी यांमधून आम्ही कवायत करत निघालो. लोक बाजूला सरून वाट देत होते, कोणी पोलिओचा प्रचार समजले, कोणी मतदानाचा. दोन्ही गट भाजीच्या पालाशी परत आले, आणि दोघांचाही "चार" एकाच वेळी पडला.

"बघा!" सर टाळी वाजवून ओरडले. "वाट तीच, फक्त उलटसुलट. म्हणून दोघांची मोजणी जुळली. लाटा जुळल्या की एकमेकींत मिळतात, मोठ्या होतात. मळक्या धातूत इलेक्ट्रॉनची लाट अशी दोन्ही बाजूंनी एकदमच हिंडते आणि घरी परतून जुळते. म्हणून त्याला घरची ओढ जास्त. तो पुढं सरकत नाही. वीज अडते."

मग ते तळेगावच्या आईकडे वळले. "मावशी, आता तुम्ही पलीकडच्या वळणावर बसा. येईल त्याला एवढंच विचारा, डावीकडून आला का उजवीकडून?"

"इचारते की," मावशी टोपली उचलत म्हणाली. "आन् भाजीकडं कोण बघंल?"

"मी बघतो."

आम्ही पुन्हा निघालो. वळणावर मावशीनं मला अडवलं. "कुठनं आलीस गं, डावीकडनं? बरं. कुणाची तू? खुटबावची? अगंबया, माझी नणंद दिलीय खुटबावात! वळखतीस का? उंच हाय बघ, पाणी भराय जाती तवा..." मी नणंदेची विचारपूस करून सुटले तोवर माझी मोजणी कुठल्या कुठं गेली होती. मागून येणाऱ्या भांडगावला तिनं लग्नाचं विचारलं. पालाशी दोन्ही गट परतले तेव्हा कुणाचा "दोन" पडत होता, कुणाचा "तीन", आणि तळेगाव तर मोजायचंच विसरला होता, कारण त्याच्या आईनं त्याला डबा का नाही खाल्लास म्हणून धरलं होतं.

सर आनंदानं नाचायचे बाकी होते. "हेच! हेच मापन! आता लाटा जुळत नाहीत. घरची ओढ सुटली. आता इलेक्ट्रॉन पुढं जाईल!"

"म्हंजी," मावशी आपल्या जागी परत बसत म्हणाली, "बायांनी चौकश्या केल्या की माणूस घरी येत न्हाई, पुढं निगून जातो. ह्यात नवं काय सांगितलं, सर?"

भांडगावनं मात्र खरा प्रश्न विचारला. "सर, तिनं काही विचारलंच नाही, लपून नुसती बघत राहिली तर?"

सरांचा चेहरा गंभीर झाला. "इथं आपली उपमा लंगडते. पण ऐका. बघणं म्हणजे डोळे नव्हेत. बघणं म्हणजे खूण राहणं. इलेक्ट्रॉन कुठून गेला याची खूण कुठंतरी उमटली की संपलं. ती खूण कुणी वाचो न वाचो. माणूस नसला तरी चालतो."

"मग आपल्या लॅबमध्ये दाखवा की सर हे."

"त्याला भयंकर थंडी लागते, द्रवरूप हेलियमची. आपल्याकडे पाण्याचा टँकर येतो तोच दिवसाआड."

या बाजारभेटीत सरांच्या राखणीतून दोन किलो गवार चोरीला गेली. त्याची भरपाई म्हणून त्यांनी उरलेली सगळी गवार स्वतः विकत घेतली आणि आम्हा सातजणांत वाटली. माझ्या मावशीकडे आठ दिवस जेवायला गवारच होती.

कॉलेजच्या शिपाईमामांनी सरांचं हे "बघितलं की बिघडतं" दहा वर्षं दाराआडून ऐकलं होतं. त्यातलं "खूण", "लाट", "मळका धातू" त्यांच्या डोक्यावरून गेलं, पण तेवढं एक वाक्य मात्र डोक्यात घट्ट बसलं. मामा फिजिक्सच्या कपाटातली काचसुद्धा तोंड फिरवून पुसायचे.

आता जे सांगायचं ते त्या कमिटीचं. आमचं दुसरं वर्ष संपत आलं होतं. फिजिक्सचा तिसऱ्या वर्षाचा वर्ग आमच्याकडे होता, पण हंगामी. मुलं थोडी, उपकरणं जुनी. विद्यापीठातून तिघांची कमिटी येऊन बघणार, प्रॅक्टिकल खरोखर होतात की नाही ते ठरवणार आणि मग वर्ग राहणार की बंद होणार ते कळणार. बंद झाला तर पुण्याला जायचं. बाकीचे सहा गेलेही असते.

आबा मला भेटायला शिरूरला आले तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "हितं मावशी हाय म्हणून धाडली. पुण्याला आपलं कोण हाय? वर्ग ऱ्हायला तर शीक. न्हाई ऱ्हायला तर घरी ये. यवतचं स्थळ थांबून हाय."

मी त्यांना सरांकडे घेऊन गेले, म्हटलं सर काही समजावतील. सरांनी माझ्या लग्नाबद्दल चकार शब्द काढला नाही. त्यांनी आबांना तीन नियम समजावले! आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आमचा म्हातारा मेंढरं घिऊन हिंडायचा. तो म्हणायचा, कळपाकडं टक लावून बसलं तर मेंढरू चरत न्हाई. आन् पाठ फिरवली तर रानात घुसतं. म्हणून अधनंमधनं नुसतं खाकरायचं."

"किती वेळानं?" सरांनी पेन काढून विचारलं.

"त्ये मेंढरावर हाय."

सरांनी ते वहीत लिहून घेतलं, तारखेसकट. मग दोघांनी चहा घेतला. माझा विषय निघालाच नाही. आबा जाताना एवढंच म्हणाले, "मास्तर शाना हाय. पर वर्ग कुठं त्याच्या हातात हाय?"

कमिटी येणार म्हणून प्राचार्यांनी फर्मान काढलं: सगळ्यांची जर्नलं पूर्ण हवीत. माझ्या जर्नलात नऊ प्रयोग कोरे होते. कधी वीज नव्हती, कधी मी नव्हते, आणि जास्त वेळा पेरू होते. मी मागच्या वर्षी पास झालेल्या एका ताईचं जर्नल आणलं आणि दोन दिवसांत नऊच्या नऊ उतरवून काढले. अक्षर इतकं सुरेख की मलाच माझं कौतुक वाटलं. सर जर्नलांवर सह्या वर्षाच्या शेवटी एकदम करत, तेव्हा त्यांनी ते पाहिलं नव्हतं.

कमिटीचे अध्यक्ष उंच, खिशाला दोन पेनं आणि बोलण्याआधी समोरच्याला पुरता घाम फुटू देणारे. मी जर्मेनियमच्या प्रयोगाशी उभी होते. सरांनी तो स्वतः बनवला होता: नखाएवढा जर्मेनियमचा तुकडा, त्यावर ओळीनं टेकवलेल्या चार पिना, त्याही जुन्या ग्रामोफोनच्या. बाहेरच्या दोन पिनांतून करंट सोडायचा, आतल्या दोन पिनांवर व्होल्टेज मोजायचं, त्यावरून तुकड्याचा रोध काढायचा.

अध्यक्षांनी माझं जर्नल चाळलं. "छान. एक रीडिंग घेऊन दाखवा."

मी बटण दाबलं. काटा जरासा हलला.

"एवढ्याशानं काय दिसणार?" म्हणत त्यांनी स्वतःच करंट वाढवला आणि वाकून काट्याकडे बघत राहिले. काटा वर गेला, आणि मग हळूहळू खाली सरकू लागला. थांबेचना. ते आणखी वाकले. काटा आणखी सरकला. मागं उभे असलेले दोघे सदस्यही वाकले. प्रयोगशाळेत इतकी शांतता की बाहेर व्हरांड्यात चिंचोके पडल्याचा आवाज आला.

आणि कोपऱ्यातून शिपाईमामा म्हणाले, "सायेब, येवढं वाकून बघू नगा. हितला करंट बघितला की बिघडतो."

अध्यक्ष सावकाश सरळ झाले. "कोण म्हणतं असं?"

"सर म्हणत्यात. धा वर्सं झाली, हेच म्हणत्यात."

एक सदस्य खुदकन हसला. अध्यक्ष हसले नाहीत. "प्राचार्य, हे विज्ञान शिकवता तुम्ही इथं? आणि हे सर आहेत कुठं?"

प्राचार्य धावत व्हरांड्यात गेले. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. "अहो सर, आत चला!" "पडले नाहीत अजून." "काय पडले नाहीत? वर्ग बुडतोय आपला!" "मी आत आलो तर ती माझ्याकडे बघेल, प्रयोगाकडे नाही."

मला समोर यवत दिसायला लागलं. यवत गाव चांगलं आहे, माझा काही राग नाही, पण त्या क्षणी मला ते नको होतं.

"साहेब," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण अनोळखी. "मामांनी अर्धंच ऐकलंय. डोळ्यानं काही होत नाही. पण मोजायला आपण जो करंट सोडतो ना, तेच आपलं बघणं. तुम्ही तो वाढवला, त्यानं तुकडा तापला. जर्मेनियम तापलं की त्यात वीज जास्त वाहते, रोध कमी होतो. म्हणून काटा उतरतोय. तुम्ही जितकं जास्त मोजाल, तितकं ते बदलेल."

"हे क्वांटम मापन आहे?"

"नाही साहेब. हे साधं तापणं आहे. क्वांटमचं याहून नाजूक असतं, तिथं नुसती खूण उमटली तरी फरक पडतो. पण सर म्हणतात, विचारणाऱ्यानं आपलं ओझं किती पडतं ते आधी बघावं."

मी करंट पार कमी केला. मनात साठपर्यंत मोजलं. बटण क्षणभर दाबलं, काटा वाचला, सोडलं. पुन्हा साठ. पुन्हा दाबलं, सोडलं. असं तीनदा. तिन्ही वेळा काटा जवळजवळ तिथंच थांबला.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी माझं जर्नल पुन्हा उघडलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "मग इथं याच्या दहापट करंट लिहिलाय. त्याला तुमचं रीडिंग इतकं स्थिर कसं राहिलं?"

झालं! वर्ग वाचवायला मी जी अक्कल पाजळली, तिनंच मला पकडून दिलं. थाप मारता आली असती. मला थापा चांगल्या येतात. पण त्या काट्याकडे तीनदा नीट बघितल्यावर कशी कोण जाणे, ती थाप बाहेर पडेना.

"ते मी घेतलेलं नाही," मी म्हटलं. "मागच्या वर्षीच्या ताईचं आहे. बहुतेक तिनंही कुणाचं तरी उतरवलंय."

"आणि बाकीचे?"

"नऊ आहेत, साहेब. नऊही उतरवलेत."

प्राचार्य जवळच्या स्टुलावर बसले. नेमके त्याच वेळी सर आत आले. (मामांनी मला पुढं खूप दिवसांनी सांगितलं, "तीनच पांढरे पडले हुते. चवथा सरांनी बोटानं उलटवला. म्या बघितलं, पर बघितलं न्हाई म्हणून सांगितलं.")

"सर," अध्यक्ष म्हणाले, "तुमच्या विद्यार्थिनीनं जर्नल उतरवल्याचं कबूल केलंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते सरळ टेबलापाशी आले. "आत्ताची तीन रीडिंग किती आली, खुटबाव?"

मी सांगितली.

"एकमेकांत फरक?"

तोही सांगितला.

"वा!" सर म्हणाले. एवढंच. मग अध्यक्षांना, "तुम्ही किती करंट सोडला होतात?"

अध्यक्षांनी सांगितला. "फारच," सर म्हणाले. "फारच बघितलंत." आणि मग ते दोघे असे काही बोलायला लागले की आम्ही कुणी उरलोच नाही. पिना, तुकडा, लाटा, घरची ओढ. सरांनी खिशातून झेरॉक्स काढल्या, अध्यक्षांनी दोन्ही पेनं काढली, आणि जर्नलाच्या मागच्या कोऱ्या पानावर, माझ्याच, तळेगावचा बाजार काढला गेला. प्राचार्यांनी कमिटीसाठी करवून घेतलेला शिरा गार होऊन त्याची वडी झाली.

कमिटी परत गेली. तीन आठवडे काही कळलं नाही. मावशीकडे यवतहून दोनदा निरोप आला.

मग एक दिवस प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं. टेबलावर विद्यापीठाचं पत्र होतं. प्राचार्यांनी चष्मा लावला आणि वाचलं: तिसऱ्या वर्षाचा वर्ग चालू ठेवण्यास हरकत नाही, प्रयोगशाळेत काम होते याची खात्री पटली, मात्र एका विद्यार्थिनीने नऊ प्रयोग पुन्हा करून दाखवल्याखेरीज तिला पुढील वर्गात घेऊ नये.

मी आनंदानं रडायच्या बेतात होते. सर घड्याळ बघत होते. "उद्या सातला या," ते म्हणाले. "वीज दहाला जाते."

स्टँडवरच्या फोनवरून खुटबावला शेजाऱ्यांकडे फोन लावून आबांना बोलावलं. "वर्ग ऱ्हायला, आबा!"

पलीकडे आबा खाकरले. "बरं झालं," म्हणाले. "यवतला सांगतो, आमची पोरगी रिकामी न्हाई म्हणून."

त्या मे महिन्यात, बाकी सगळे आपापल्या गावी गेल्यावर, मी नऊच्या नऊ प्रयोग पुन्हा केले. एकाचंही उत्तर पुस्तकातल्या उत्तराशी जुळलं नाही. सरांनी प्रत्येकाखाली सही केली.